मांजराच्या आवाजांची बोलकी पुस्तकं : घुरघुरीचं बटण आधी दाबा

मुलांच्या बोलक्या पुस्तकांत मांजराचं पुस्तक हमखास असतं. जाड पुठ्ठ्याची दहा-बारा पानं, कडेला पाच ते दहा बटणांची पट्टी, पानावर दोन किंवा चार यमकी ओळी आणि ओळीशेजारी बटणावरचंच छोटं चित्र. ओळ वाचायची, चित्र शोधायचं, बटण दाबायचं. अशा पुस्तकात दोन वेगळ्या कारागिऱ्या एकत्र येतात : आवाज चिपमध्ये बसवण्याची आणि शब्दाला शब्द जुळवण्याची. बहुतेक ठिकाणी एक जमते आणि दुसरी फसते. इथे कुठल्याही एका पुस्तकाचं नाव न घेता या सगळ्या तऱ्हेचीच पारख केली आहे, म्हणजे हातात येईल त्या पुस्तकाला ती लावता येईल.

दुकानात म्यावचं बटण दाबून निर्णय घेऊ नका. म्याव जवळपास सगळ्यांचं ठीक असतं. घुरघुरीचं दाबा.

मांजराची घुरघुर साधारण 25 ते 30 हर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस ठोके. एवढ्याशा प्राण्याच्या गळ्यातून इतका खर्जातला आवाज कसा निघतो, हे कोडं बराच काळ होतं. 2023 साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मेलेल्या आठ मांजरांच्या स्वरयंत्रांतून नुसती हवा सोडून 25 ते 30 हर्ट्झची कंपनं मिळवली होती. मेंदूकडून आज्ञा नसताना आणि स्नायू हलत नसतानाही ती मिळाली. त्या मांजरांच्या स्वरतंतूंत ऊतींच्या जाड गाद्या सापडल्या आणि तंतू इतके संथ हलायला त्यांचाच हातभार लागत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. मांजर श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा घुरघुरतं. मधे अगदी बारीक खंड पडतो आणि आत-बाहेरच्या आवाजाचा पोत किंचित बदलतो.

आता पुस्तकातला स्पीकर बघा. व्यास 27 ते 40 मिलिमीटर, जाडी काही मिलिमीटर. काहीशे हर्ट्झच्या खाली असल्या स्पीकरचा आवाज झपाट्यानं पडतो. 25 हर्ट्झ त्यातून निघणं शक्यच नाही. तरीही चांगल्या पुस्तकात घुरघुर ओळखू येते, कारण मूळ सूर गळला तरी त्याच्या वरचे, पंचवीस-पंचवीस हर्ट्झच्या अंतरावरचे सूर शिल्लक राहतात आणि ठोक्यांची लय कानाला कळते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. ध्वनिमुद्रण मांजराच्या अगदी जवळून केलेलं हवं आणि तुकडा निदान तीन-चार सेकंदांचा हवा, म्हणजे त्यात एक पूर्ण श्वास आत आणि एक बाहेर येईल. चिपची जागा वाचवायला एक सेकंदाचा तुकडा कापून तोच तोच फिरवला की आत-बाहेरचा फरक जातो आणि उरतं ते मोटरसायकल चालू केल्यासारखं. ऐकणाऱ्याला चित्र दाखवल्याशिवाय ‘हे मांजर’ असं सांगता आलं नाही, तर पुस्तक परत ठेवा.

याच पानावर शब्दाचाही घोळ असतो. मराठीत बोलताना लाडातली आणि रागातली अशी दोन्ही ‘गुरगुर’ एकाच शब्दात जाते. पुस्तकाला हे परवडत नाही, कारण त्यात दोन्ही आवाजांची बटणं असतात. लाडाला ‘घुरघुर’ आणि रागाला ‘गुरगुर’ असं शेवटपर्यंत वेगळं ठेवलेलं पुस्तक विचार करून केलेलं असतं. ‘मनी मांडीवर गुरगुरते’ आणि दोन पानांनंतर ‘कुत्रा दिसता गुरगुरते’ असं असेल, तर मूल चुकीचं बटण दाबणार, आणि त्यात मुलाची काही चूक नाही.

आवाज आणि तोंड

मिल्ड्रेड मोएल्क यांनी 1944 साली घरच्या मांजराच्या आवाजांची जी वर्गवारी मांडली, ती अजूनही कामाला येते. तोंड मिटून काढलेले आवाज, तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेले आवाज आणि तोंड ताणून उघडं ठेवून काढलेले आवाज. पहिल्यात घुरघुर आणि भेटल्यावर काढतात तो ‘म्र्र्र’ असा वर चढणारा छोटा आवाज. दुसऱ्यात म्याव आणि त्याची सगळी भावंडं. तिसऱ्यात गुरगुर, फिस्कारणं, भांडणातली किंचाळी. पुस्तक तपासायला ही वर्गवारी फार सोयीची आहे : पानावरचं चित्र आणि बटणाचा आवाज यांचं तोंड जुळतं का ते बघायचं. घुरघुरीच्या पानावर मांजरानं जबडा वासलेला असेल, तर चित्रकारानं आवाज ऐकलेला नाही. फिस्कारण्याच्या पानावर कान ताठ आणि डोळे हसरे असतील, तर तेही चूक. फिस्कारताना कान मागे वळून डोक्याला चिकटतात, पाठ कमानीसारखी होते.

म्यावचं ध्वनिमुद्रण सोपं. आवाज अर्ध्या ते एक सेकंदाचा, त्यातली बरीचशी ताकद लहान स्पीकरला झेपणाऱ्या पट्टीत. इथे चुका वेगळ्याच होतात. काही पुस्तकांत माणसानं काढलेलं ‘म्याव’ असतं. ते लगेच कळतं, कारण माणूस ‘म’ ठसठशीत म्हणतो आणि शेवट सपाट सोडतो. मांजराचा ‘म’ बहुधा पुसट असतो आणि सूर वर जाऊन खाली येतो. दुसरी चूक म्हणजे भुकेचं, दार उघड म्हणणारं आणि पिल्लाचं म्याव या तिन्ही पानांना एकच तुकडा. पिल्लाचा आवाज बारीक आणि उंच असतो. निदान तो तरी वेगळा हवा. तिसरी चूक मजकुरात असते : दोन मोठी मांजरं समोरासमोर बसून एकमेकांना म्याव म्हणताहेत. मोठी मांजरं आपापसांत म्याव क्वचितच करतात. पिल्लं आईला करतात आणि मोठी मांजरं माणसाला. चित्रात समोर माणूस असेल तर पान बरोबर.

‘भुकेली मनी’ हे पान असेल, तर तिथे म्यावऐवजी घुरघुर चालेल का? चालेल. 2009 साली कॅरन मॅकॉम्ब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही मांजरं खायला मागताना घुरघुरीतच एक उंच, रडवेला सूर मिसळतात आणि ती घुरघुर माणसाला जास्त निकडीची वाटते. हे एकाही पुस्तकाकडून अपेक्षित नाही, पण कुणी केलंच तर त्याला पैकीच्या पैकी गुण.

फिस्कारण्यात सूर नसतो, नुसता हवेचा झोत असतो. त्याची ताकद बऱ्याच वरच्या पट्टीपर्यंत पसरलेली असते. स्वस्त चिपमध्ये आवाज सेकंदाला 8000 नमुन्यांवर, म्हणजे तेवढ्याच नोंदी करून, साठवला असेल, तर 4000 हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं आणि फिस्कारणं स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखं ऐकू येतं. उपाय खरेदीदाराच्या हातात नाही. मात्र तो आवाज एकदम सुरू होऊन एकदम संपतो की हळूच वाढतो, हे बघता येतं. खरं फिस्कारणं एकदम फुटतं. हळूच वाढणारा तुकडा बहुधा नळाचा किंवा वाफेचा असतो.

खिडकीबाहेर पक्षी दिसला की मांजर जबडा थरथरवत दातांवर दात वाजवल्यासारखा ‘क-क-क-क’ काढतं. मुलांना हे पान सगळ्यांत आवडतं आणि बहुतेक पुस्तकांत तेच नसतं. ‘मांजराचे नातेवाईक’ असं जादा पान असेल, तर चित्त्याचं बटण दाबा. चित्ता डरकाळी फोडत नाही, तो घुरघुरतो. डरकाळी आली तर समजा की वाघाचाच तुकडा दोनदा वापरला आहे.

यमकं

या पुस्तकांचा मजकूर अनेकदा दुसऱ्या भाषेतून येतो. मूळचं यमक वाटेत गळतं आणि मराठीत नुसती शेवटची वेलांटी किंवा उकार जुळवून वेळ मारून नेलेली असते. ‘म्याऊ’शी ‘हळू’ जुळवणं म्हणजे फक्त शेवटचा ‘ऊ’ जुळला. ‘मऊ’ ही त्याहून फसवी जोडी, कारण मांजर मऊ असतं आणि शब्द आपोआप सुचतो. पण ‘मऊ’त ऊच्या आधी ‘अ’ आहे, ‘म्याऊ’त ‘आ’. मोठ्यानं वाचा, कान अडखळतो. ‘म्याऊ’ची खरी भावंडं ‘आऊ’वर संपणारी : खाऊ, भाऊ, बाऊ, जाऊ, गाऊ. ‘येऊ’ आणि ‘घेऊ’ त्यांत बसत नाहीत.

‘म्याव’ लिहिलं की कुटुंब मोठं होतं : नाव, गाव, डाव, धाव, भाव, ठाव, घाव. म्हणून चार ओळींच्या पानाला ‘म्याव’ बरं आणि दोन ओळींच्या, ठेक्याच्या पानाला ‘म्याऊ’. पुस्तकभर दोन्ही आले तर बिघडत नाही. एकाच पानावर आले तर बिघडतं.

ठेकाही मोजून बघण्यासारखा आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. मुलांच्या तोंडी सहज बसते ती आठ-आठ मात्रांच्या दोन भागांची ओळ, म्हणजे पादाकुलक या वृत्ताची चाल.

आत सांडला सगळा खाऊ,
कोण म्हणाले हळूच म्याऊ?

दोन्ही ओळी सोळा मात्रांच्या. आता दुसऱ्या ओळीतून ‘म्याऊ’ काढून तिथे बटणाचं चित्र छापा. पहिल्या ओळीतल्या ‘खाऊ’नं कान तयार केलेला असतो, त्यामुळे मूल आपणहून बटणाकडे जातं. ‘म्याऊ’च्या चार मात्रा सावकाश वाचताना साधारण पाऊण ते एक सेकंद घेतात आणि म्यावचा तुकडाही तेवढाच असतो. आवाज ओळीत बसतो. याउलट आवाजाचा शब्द पहिल्या ओळीच्या मध्ये टाकला, तर बटण शोधेपर्यंत ठेका मोडतो आणि पुढचं यमक कुणाच्या लक्षातही येत नाही.

हाच नियम घुरघुरीला लावला की पुस्तक फसतं. चार सेकंदांचा आवाज चार मात्रांच्या जागी बसत नाही. वाचणारा खोळंबतो किंवा आवाज मधेच तोडावा लागतो. म्हणून घुरघुरीचं बटण ओळीच्या आत नको. ते जोडी संपल्यावर, पानाच्या तळाशी हवं, म्हणजे आवाज चालू असताना पान बघता येतं. हे ओळखणारे प्रकाशक थोडे. म्यावला ओळीत जागा आणि घुरघुरीला ओळीखाली जागा, हे दिसलं की पुस्तक कुणीतरी मोठ्यानं वाचून पाहिलं आहे असं खुशाल धरा.

‘घुरघुर’ला शब्दांचा तोटा नाही. मराठीत असले दुहेरी नादशब्द ढिगानं आहेत : कुरकुर, भुरभुर, तुरतुर, चुरचुर, हुरहुर. धोका असा की सगळेच कोंबले जातात. ‘तुरतुर चाले, भुरभुर पाऊस, कुरकुर दार’ अशा ओळीत मांजराचा आवाज कुठला, ते मुलाला कळत नाही. एका पानावर एक नादशब्द, बाकीचे साधे : दूर, सूर, पूर. लिहिताना उकार ऱ्हस्व-दीर्घ दिसेल, पण वाचताना शेवटचा ‘उर’ आपोआप लांबतो आणि यमक चालून जातं.

‘फिस्स’ मात्र अवघड. जोडसकारावर संपणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजावेत आणि ‘वीस’, ‘पीस’ हे तिथे लंगडे पडतात. वाट क्रियापदातून निघते.

कोणी येता फिस्कारते,
पंजा मारुन झिडकारते.

‘-कारते’ मिळालं की फटकारते, नाकारते, ललकारते सगळे हाताशी येतात. ज्या पुस्तकात फिस्कारण्याच्या पानावर ‘फिस्स’ला ‘वीस’ जुळवलं आहे, तिथे लेखक पहिल्याच अडथळ्याला थांबला.

एवढी बारकाई कशाला, असं वाटेल. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी 1983 साली मांडलं की लहानपणी यमक आणि आद्याक्षरांचे आवाज ओळखता येणं आणि पुढे वाचायला शिकणं यांचा संबंध आहे. मुलाचा कान यमकावर तयार होत असताना कच्चं यमक देण्यात अर्थ नाही.

यमक शोधून देणारी ऑनलाइन साधनं पालक किंवा शिक्षक स्वतः ओळी रचायला वापरतात. त्यांतली जी फक्त शेवटचं अक्षर जुळवतात, ती ‘म्याव’ला ‘जीव’ आणि ‘कणव’ही देतात. शेवटच्या अक्षराआधीचा स्वर जुळतो का, हे आपणच बघायचं. तो जुळला तरच शब्द घ्या.

बटणं, सेल आणि बिघाड

पट्टीच्या पुस्तकात बहुधा एलआर 44 किंवा त्याहून लहान असे तीन बटण-सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, दीड-दीड व्होल्टचे. दुकानातल्या पुस्तकाचा आवाज फाटत असेल, तर आधी सेलवर संशय घ्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण बटण दाबत असतो. सेल उतरले की आवाज अर्ध्यात तुटतो, खरखरतो किंवा काही पुस्तकांत खाली घसरतो. तिन्ही सेल एकदम बदलायचे. दोन जुने आणि एक नवा असं केलं, तर जुने लवकर गळतात आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. ती कोरड्या ब्रशनं झाडता येते, पण पट्टी खाल्ली गेली असेल तर ते बटण गेलं.

सेलच्या झाकणाला स्क्रू हवाच. नुसतं दाबून बसणारं झाकण असेल तर इतर सगळं उत्तम असूनही ते पुस्तक घेऊ नका. गिळलेला बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याचा संशय जरी आला तरी ओकारी न काढता थेट रुग्णालय गाठायचं.

बटण अडकणं ही दुसरी तक्रार. बटणाखाली रबरी टोपी आणि कार्बनचा ठिपका असतो. चिकट बोटांनी कडेला थर जमला की टोपी वर येत नाही, चिप जागी राहते आणि सेल रात्रीत उतरतात. किंचित ओलसर, पिळलेल्या कापडानं पुसा. पाणी थेट टाकू नका. चिपचं वागणंही तपासा : घुरघुर चालू असताना म्याव दाबलं, तर घुरघुर थांबून म्याव आलं पाहिजे. पहिला तुकडा संपेपर्यंत बाकीची बटणं मुकी राहत असतील, तर चार सेकंदांच्या घुरघुरीवर मूल प्रत्येक बटणावर धपाटे घालतं आणि पट्टी लवकर सैल होते.

आवाज कमी करायची सोय पट्टीत सहसा नसते. स्पीकरच्या भोकांवर चिकटपट्टीचे दोन थर लावले की तो उतरतो. फिस्कारणं मंद होतं, म्यावला फार फरक पडत नाही.

घरात खरं मांजर असेल, तर पिल्लाचं आणि फिस्कारण्याचं बटण त्याच्यासमोर जपून. मांजराला साधारण 85 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्यामुळे पुस्तकातला कापलेला आवाज त्याला खरा वाटेलच असं नाही, पण काही मांजरं पिल्लाचा टाहो ऐकून घरभर शोधत फिरतात. कान आडवे झाले की बटण थांबवा.

मांजराचं ‘भाषांतर’ करणारी फोन ॲप्स या पुस्तकांच्या जोडीनं घेतली जातात. करमणूक म्हणून ठीक. 2003 साली निकास्ट्रो आणि ओरेन यांनी नुसतं म्याव ऐकवून प्रसंग ओळखायला सांगितलं, तेव्हा माणसांचं उत्तर अंदाजापेक्षा थोडंच सरस निघालं. मांजरांशी सवय असलेल्यांचं जरा बरं. फोनचा स्पीकरही 25 हर्ट्झ काढू शकत नाही.

कुठलं घ्यावं

बोलत्या पेनाची पुस्तकं आवाजात सगळ्यांत सरस. पानावर डोळ्याला जेमतेम दिसणारे ठिपके छापलेले असतात, पेनाच्या टोकातला छोटा कॅमेरा ते वाचतो आणि पेनात साठवलेली फाइल वाजवतो. स्पीकर थोडा मोठा, आवाज कमी-जास्त करता येतो, सेल चार्ज होतात आणि पान जाड नसतं. तोटा असा की पेन हरवलं की पुस्तक मुकं. पान तेलकट झालं किंवा त्यावर रंगीत खडू फिरला की ठिपके वाचले जात नाहीत. फोटोकॉपीही चालत नाही. चार वर्षांपुढच्या मुलाला हेच घ्या.

पट्टीचं पुस्तक दोन ते चार वर्षांच्या मुलाला, मोठं माणूस शेजारी असताना. पाच-सहा बटणांचं, मोठ्या बटणांचं. दहा बटणांच्या पट्टीत तीन तरी म्याव सारखेच निघतात.

पानात लोकर किंवा मखमल लावून तिच्याखाली बटण दडवलेली पुस्तकं दिसायला गोड, पण कापडाखालचं बटण नेमकं कुठे आहे ते मुलाला सापडत नाही, लोकर ओली राहते आणि चिप बदलता येत नाही. ती टाळा.

दोन वर्षांखाली बटणं नकोतच. यमक पक्कं असलेलं साधं पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या आणि आवाज तोंडानं काढा. घुरघुरीसाठी जीभ सैल सोडून टाळूमागे हलका ‘र्र्र’, आधी श्वास सोडताना, मग घेताना. घेतानाचा जमायला दोन-चार दिवस लागतात आणि पहिल्यांदा ठसका येतो.